यादीतलं शेवटचं काम

"आधी त्याला छत्रीत घेऊ दे. तू भिजलीस तर वाळशील."

आठ वर्षांनी भेटलेल्या माणसाचं हे पहिलं वाक्य! कशी आहेस नाही, ओळखलंस का नाही... सरळ माझ्या हातातल्या कॉम्प्युटरवर छत्री धरून मोकळा.

ऑक्टोबर अर्धा सरला होता आणि परतीचा पाऊस आगाशीच्या बाजारात आडवातिडवा कोसळत होता. मी एका किराणा दुकानाच्या पत्र्याखाली अर्नाळ्याच्या बसची वाट बघत उभी होते. आमच्या चर्चच्या गायनवृंदाचा कॉम्प्युटर तान्ह्या पोरासारखा कडेवर घेतलेला, आणि त्याला आईच्या मासळीच्या पाटीवरचं निळं प्लास्टिक गुंडाळलेलं. त्या प्लास्टिकला सुक्या बोंबलांचा वास येत होता. या भेटीची मी मनातल्या मनात आठ वर्षं तालीम केली होती. त्या तालमीत मी नेहमी निळ्या ड्रेसमध्ये असायचे, आणि वास मोगऱ्याचा असायचा.

"कधी आलास?" मी विचारलं. आवाज जमेल तेवढा कोरडा ठेवून.

"परवा. डिसेंबर अखेरपर्यंत घरूनच काम करायचंय. जानेवारीत बंगळूरला परत." जेसनने माझ्या कडेवर बोट दाखवलं. "आणि ही कुणाची वरात, प्रिस्का?"

"वरात नाही, अंत्ययात्रा. कॉम्प्युटरवाला म्हणाला, जुन्या सिस्टीमचे अपडेट बंद झाले, नवी याला पेलणार नाही, नवा घ्या. चर्चचं पॅरिश कौन्सिल म्हणतं, गावचा सण होऊ दे, मग बघू. आणि सणालाच तर आमची सगळी गाणी लागतात!"

तो हसला. त्याचं हसू आधी डाव्या गालावर उमटतं, मग उजव्या. आठ वर्षांत तेवढं बदललं नव्हतं... आणि मला ते इतकं नीट आठवत होतं याचा मला रागच आला.

"मग त्याला लिनक्स दे की," तो म्हणाला. "खुली सिस्टीम आहे, कुणा एकाच्या मालकीची नाही. जुन्या मशीनवर सुखाने नांदते. मी टाकून देतो."

"आणि तुझं काय द्यायचं?"

"चहा. रोजचा."

तेवढ्यात बस आली. त्याने कॉम्प्युटर माझ्या हातून घेतला, छत्री माझ्याकडे दिली, आणि स्वतः भिजत दारात चढला. मी मागून छत्री मिटायची विसरले, ती दारातच अडकली, आणि कंडक्टर जे ओरडला ते इथे लिहिण्यासारखं नाही.

जेसन आणि मी एकाच गल्लीतले. आमच्या दोघांच्याही घरच्या होड्या, दोघांच्याही अंगणासमोर बोंबील वाळत. आम्हाला संगीत शिकवलं ते सेबेस्टियन मास्तरांनी, आणि तेही बोंबलांवर. किनाऱ्यावर बांबूंना बांधलेल्या दोऱ्या असायच्या. मास्तर त्यातल्या पाच दोऱ्या निवडायचे, वरच्या दोरीवरचा बोंबील वरचा सूर, खालच्या दोरीवरचा खालचा. "हा गा," म्हणून काठी लावायचे. आम्ही गायचो. मासळी वाळवायला आलेल्या बायका पोट धरून हसायच्या. पण पुढे कागदावरच्या पाच रेघा बघितल्या तेव्हा आमच्यातलं एकही पोर घाबरलं नाही.

मास्तरांची आणखी एक रीत होती. गाणं लिहिताना वरचा आवाज, खालचा आवाज असं ते कधी लिहायचे नाहीत. रेघेपुढे माणसाचं नाव घालायचे. स्टेफी. प्रिस्का. कॉन्रॅड. जेसन. "आवाज रानात नाय उगवत," ते म्हणायचे. "आवाज मानसाला असतो. ज्याची रेघ, त्याचं नाव."

आमच्या गावच्या सणाला प्रार्थनेच्या सुरुवातीला गातात ते प्रवेशगीत मास्तरांचंच. वादळ शमतं, होड्या परततात, आणि सगळा गायनवृंद मिळून विचारतो, 'किनाऱ्यावर कोण उभा?' मग सगळे थांबतात. आठ मात्रा एकट्या जेसनच्या. 'मी इथेच होतो... मी इथेच होतो.' बास, एवढंच. पण त्या आठ मात्रांत मागच्या बाकांवरच्या म्हाताऱ्यासुद्धा खोकायच्या थांबायच्या. मी कीबोर्डवर असायचे, आणि त्या आठ मात्रांपुरते माझे हात मोकळे असायचे. मी त्याच्याकडे बघायचे. गाण्यात तेवढीच जागा होती बघायला.

बंगळूरची नोकरी लागली तेव्हा आम्ही एकवीस-बावीसचे. जायच्या आदल्या संध्याकाळी त्याने विचारलं, "आता माझी ओळ कोण गाणार?" त्याला काय ऐकायचं होतं ते मला कळलं होतं. पण तो जातोय याचा राग माझ्या नाकावर बसला होता. मी म्हणाले, "कुणीही गाईल. तीन शब्द तर आहेत."

तो मग "बरं," म्हणाला आणि गेला. नंतर त्याचा फोन आला नाही, मी केला नाही. एवढीशी गोष्ट... पण आठ वर्षं पुरली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो चर्चच्या हॉलमध्ये आला. आधी त्याने कॉम्प्युटरमधलं सगळं एका वेगळ्या डिस्कवर उतरवून घेतलं, मग पेनड्राइव्ह लावला. तासाभरात म्हाताऱ्या पडद्यावर हिरवट रंगाचं नवं रूप उघडलं. मी बघतच राहिले.

"चेहरा धुतल्यासारखा दिसतोय," मी म्हणाले.

"आता याला कामाला लावू. बोल, काय काय हवं?"

मी जुन्या प्रोग्रामांची नावं घडाघडा सांगायला लागले. त्याने हात वर केला.

"नावं सांगू नकोस. कामं सांग. तेच हवं म्हणून हटून बसलीस तर नवं तुला कधीच आवडणार नाही. तुला करायचं काय आहे ते सांग, मग त्याला जोडीदार शोधू." आणि लगेच खोकून म्हणाला, "म्हणजे... प्रोग्राम."

मी वहीचं पान फाडलं आणि कामांची यादी केली. चर्चची पत्रं. मिस्सेच्या प्रार्थनेच्या वेळी पडद्यावर दाखवायचे गाण्यांचे शब्द. सणाचं पोस्टर. तालमीचं रेकॉर्डिंग. जुन्या सणांचे व्हिडिओ. आणि अगदी तळाला, बारीक अक्षरात, स्वरलेखन.

"हे शेवटी कसं?" त्याने विचारलं. "गायनवृंदाला हेच आधी लागेल ना?"

"सावकाश. त्याची घाई नाही."

घाई होती. सणाला दीड महिना उरला होता, मास्तरांनी नवीन गाणं बांधलं होतं, आणि आधीची सगळी गाणी जुन्या प्रोग्रामच्या फायलींत अडकली होती. पण मला त्या फायली जेसनसमोर उघडायच्याच नव्हत्या.

सांगूनच टाकते. जेसन गेला त्या वर्षी सणाला मास्तर म्हणाले, "कॉन्रॅडला दे ती ओळ." मी कॉन्रॅडला म्हणाले, तुझी तयारी नाही, या वर्षी सोड. गायनवृंदाने विचारलं, 'किनाऱ्यावर कोण उभा?' आणि आठ मात्रा कुणीच काही गायलं नाही. पुढच्या वर्षीही तसंच. मग मास्तरांची नजर गेली, आणि ते गुणगुणायचे ते कॉम्प्युटरवर उतरवायचं काम माझ्याकडे आलं. तेव्हापासून पाच वर्षांत सतरा नवीन गाणी झाली. सतराही गाण्यांत एक रेघ जेसनच्या नावाची आहे. ती मी घातली. त्यात सूर लिहिले, त्याच्या गळ्याला मानवतील असे, फार खाली न जाणारे. छापताना ती रेघ मी लपवून छापायचे. गायनवृंदात कुणालाच हे माहीत नव्हतं.

आता ज्याला मी 'कुणीही गाईल' म्हणाले होते, त्यालाच या फायली उघडून द्यायच्या होत्या. त्याने त्या बघितल्या असत्या तर माझी आठ वर्षं त्याच्यापुढे उघडी पडली असती. आणि तो जानेवारीत परत जाणार होता. मग मी काय करायचं होतं?

म्हणून मी यादी लांबवली.

पत्रांसाठी लिबरऑफिस घेतलं, आणि पहिलं पत्र त्याने मला मराठीत टाइप करायला लावलं. 'श्री. जेसन यांस, आपण चहात साखर फार घालता.' पोस्टरसाठी गिम्प घेतलं. ते मला तीन दिवस कळेना आणि चौथ्या दिवशी सोडवेना.

"आणखी दोन-तीन टाकून ठेव ना," मी म्हणायचे. "असू देत."

"एका कामाला एक. दहा ठेवलेस की एकही उघडणार नाहीस. माझ्या घरी सहा छत्र्या आहेत आणि पावसात नेहमी भिजतो मी."

"त्या दिवशी तर माझ्यासाठी भिजलास."

"कॉम्प्युटरसाठी," तो म्हणाला. पण त्याचे कान लाल झाले.

रेकॉर्डिंगला ऑडॅसिटी घेतलं. त्याने माइक माझ्यापुढे धरला. "काहीतरी बोल."

"काहीतरी."

त्याने ते परत वाजवलं. पडद्यावर माझ्या आवाजाच्या छोट्या लाटा उमटल्या होत्या. तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "आवाज तोच आहे... थोडा खाली आलाय. छान वाटतो."

पाचवं काम व्हिडिओंचं. एका जुन्या सणाची फाईल होती, ती गेली कित्येक वर्षं कशातच उघडत नव्हती. त्याने ती व्हीएलसीत टाकली, आणि ती चालली! सांज होती, हॉलच्या कौलांवर पाऊस टपटपत होता, आणि समोर वीस वर्षांची मी, केसांत लाल रिबीन, आणि मिशी फुटलेला, कॉलर उभी केलेला जेसन.

"देवा, ती कॉलर!" मी ओरडले.

"ती रिबीन बघ आधी! गायनवृंद होता की जत्रा?"

आम्ही हसत होतो, आणि तेवढ्यात गाणं त्या जागी आलं. 'किनाऱ्यावर कोण उभा?' मग त्याचा तेव्हाचा आवाज, कोवळा, किंचित थरथरता. 'मी इथेच होतो...' आम्हा दोघांचंही हसू थांबलं. ते दिवस माझे होते, हाताशी होते, आणि मी एका फटकन बोललेल्या वाक्यात घालवले होते.  पडद्यावरची मी मात्र जेसनकडे टक लावून बघत होते, सगळ्या गावाला दिसेल अशी.

"आता ही ओळ कोण गातं?" त्याने पडद्यावरची नजर न काढता विचारलं.

"...कॉन्रॅड."

"बरं," तो म्हणाला. अगदी त्या संध्याकाळसारखाच.

यादी संपत आली तसं मी नवीन कामं शोधायला लागले. तालमीची हजेरी. आईला भरती-ओहोटीची वेळ कळेल असं काहीतरी. शेवटी स्टेफीने मला कोपऱ्यात घेतलं. गायनवृंदातला वरचा आवाज स्टेफीचा, आणि बोलण्यातलाही.

"काल तू त्याच्याकडून घड्याळ बसवून घेतलंस. हॉलमध्ये भिंतीवर घड्याळ आहे, तुझ्या हातात आहे, घंटा गाव ऐकतं. आणखी किती वाजल्याचं कळायला हवंय तुला?"

मी यादी घडी करून पर्समध्ये टाकली. उत्तर तिला माहीत होतं.

सणाला बारा दिवस राहिले तेव्हा मास्तर काठी टेकत स्वतः हॉलमध्ये आले. "प्रिस्का, गान्याचे कागद कुठे? पोरं काय हवेत बघून गातील?"

मग पळवाट उरली नाही. जेसनने मान हलवली आणि कामाला लागला. जुन्या प्रोग्रामच्या फायली नव्या प्रोग्रामला थेट वाचता येत नव्हत्या. आधी जुना प्रोग्राम वाईन नावाच्या सोयीतून लिनक्सवरच चालवायचा, त्यातून एकेक गाणं सगळ्यांना वाचता येईल अशा रूपात बाहेर काढायचं, आणि मग म्युझस्कोर या नव्या प्रोग्राममध्ये उघडायचं. वाईनचं नाव ऐकून मास्तर खूश झाले. "चर्चच्या कामाला तीच बरी," म्हणाले, आणि घरी गेले.

मी त्याच्या बाजूला बसले. 

पहिलं गाणं उघडलं. पाच रेघांचे पट्टे एकाखाली एक, प्रत्येकापुढे नाव. स्टेफी. प्रिस्का. कॉन्रॅड. आणि खाली... जेसन. त्याने दुसरं उघडलं. तिसरं. तो जाण्याआधीची संपली, नंतरची सुरू झाली. जेसन, जेसन, जेसन. तो माऊस हातात धरून बसला होता आणि पुढचं गाणं उघडायला दर वेळी थोडा जास्त वेळ लावत होता.

"मास्तरांनी मला काढायला लावलंच नाही?" त्याने विचारलं. 

हीच वेळ होती. खरं सांगायला फक्त एक शब्द पुरला असता. पण जानेवारी डोळ्यांपुढे आला, आणि मी परत एकदा खोटं बोलले.

"मास्तरांचा जीव होता ना तुझ्यावर."

त्याने मान डोलावली. कागद छापले, कॉम्प्युटर बंद केला. "उद्या मास्तरांच्या घरी जाऊन येतो. इतकी वर्षं त्यांनी... मी साधा फोनही केला नाही त्यांना." जाताना दारात थांबला. "यादी संपली ना?"

"संपली," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी किनाऱ्यावर आईसोबत बोंबील घालत होते. पाऊस कधीच गेला होता, ऊन कोवळं होतं, वारा सुटला होता. बोंबील जोडीने वाळतात, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवून दोरीवर टाकायचे. माझे हात यंत्रासारखे चालले होते आणि मन जानेवारीत होतं.

"तो बग कोन येतो," आई म्हणाली. "पलत येतो. होडी बुडली का काय?"

जेसन वाळूतून जवळजवळ धावतच येत होता. दोरीच्या पलीकडे येऊन थांबला. आमच्यामध्ये बोंबलांची रांग.

"मास्तरांकडे गेलो होतो," तो धापा टाकत म्हणाला. "म्हणालो, मास्तर, तुम्ही माझी रेघ ठेवायला लावलीत, उपकार झाले. मास्तर हसायलाच लागले. म्हणाले, पाच वरसं झाली डोळे जाऊन. पडद्यावर कोन काय लिवतो, मला आंधल्याला काय ठावं?"

मी हातातला बोंबील दोरीवर टाकला. तो खाली पडला.

"ते... त्याचं असं आहे," मी म्हणाले, "नवीन गाणं लिहिताना मी जुनीच फाईल उघडून दुसऱ्या नावाने ठेवायचे. म्हणून नावं तशीच राहिली. कुणाच्या लक्षात येणार?"

"हो? मग रेघ रिकामी राहायला हवी होती." तो थांबला. "तिच्यात सूर आहेत, प्रिस्का. सतरा गाण्यांत. सगळे माझ्या गळ्यातले. माझा आवाज खाली कुठे फाटतो ते तुझ्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

यावर कुठलंच कारण चालणार नव्हतं. आई दोन पावलं बाजूला सरकली होती. ऐकू येईल इतपतच.

"आणि मास्तर आणखी एक म्हणाले," तो हळू आवाजात म्हणाला. "डोळे गेले, कान नाय गेले. आठ वरसं तुजी जागा गप बसते. कॉन्रॅडला बी नाय दिली."

मग मात्र माझा बांध फुटला. रडूही आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"हो! नाही दिली! कुणीही गाईल म्हणाले होते ना? नाही गाऊ दिलं कुणाला. दर वर्षी ते आठ मात्रांचं भोक पडतं गाण्यात आणि मी कीबोर्डवरचे हात उचलून बसते. तू त्या दिवशी विचारलंस तेव्हा 'जाऊ नकोस' म्हणायचं होतं मला. नाही म्हणता आलं. मला तू आवडत होतास. आवडतोस. झालं? आता जा जानेवारीत बंगळूरला."

वारा होता म्हणून बरं, नाहीतर अर्ध्या अर्नाळ्याने ऐकलं असतं.

जेसनने दोरी उचलली, तिच्याखालून वाकून अलीकडे आला. त्याच्या केसांत एक बोंबील अडकला होता. मी तो काढला. त्याने माझा हात धरून ठेवला, बोंबलांच्या चिकटाने माखलेला, तसाच.

"कायम घरून काम करायचं असेल तर पंधरा डिसेंबरच्या आत कळवा, असं ऑफिसने सांगितलंय," तो म्हणाला. "महिनाभर मेल लिहून ठेवलाय. पाठवत नव्हतो, आज पाठवतो. मला वाटायचं, यादी संपली की तू मला निरोप देशील... म्हणून मीही तीन दिवसांचं काम महिनाभर करत होतो. घड्याळ बसवायला दोन संध्याकाळी लागतात का गं?"

मी रडता रडता हसले.

"आतापर्यंत इथे नव्हतोच मी, आणि म्हणे 'मी इथेच होतो'," तो पुटपुटला. "ती ओळ खरं तर तुझी आहे."

"मला नाही जमत ती. फार खाली जाते."

मागून आई म्हणाली, "झालं आसंल तं हात लावा दोगं. ऊन वर आला."

सणाच्या दिवशी सकाळची मिस्सा. चर्च बाहेरपर्यंत भरलं होतं, फुलांचा आणि नव्या कपड्यांचा वास दाटला होता. मी कीबोर्डवर, स्टेफी माझ्या डाव्या हाताला, पहिल्या बाकावर मास्तर काठीवर हनुवटी टेकून. प्रवेशगीत सुरू झालं. वादळ शमलं, होड्या परतल्या, आणि सगळ्यांनी विचारलं, 'किनाऱ्यावर कोण उभा?'

सवयीने माझे हात उचलले गेले. सवयीने सगळं चर्च गप्प झालं.

'मी इथेच होतो...'

माना सटासट मागे वळल्या. पोरांना तर ही ओळ आहे हेच ठाऊक नव्हतं, त्यांच्यासाठी गाणं इथे थांबायचंच असायचं. तिसऱ्या बाकावरची एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "मदीच कोन वरडला गो?" आणि तिच्या बाजूचीने तिला कोपरखळी मारली. जेसनचा आवाज आता कोवळा नव्हता. भरला होता, शेवटी थोडा कापलाही. आठ मात्रा संपल्या आणि मी पुढचा सूर लावायचाच विसरले. स्टेफीने माझ्या पायावर पाय दिला तेव्हा गाणं पुढे गेलं.

मिस्सेनंतर फादर अंगणात आले. त्यांना आमच्या गावात येऊन तीनच वर्षं झाली होती.

"गाणं सुंदर झालं," ते म्हणाले. "पण मधली ती शांतता का काढलीत? मला फार आवडायची. वाटायचं, प्रत्येकाने मनातल्या मनात उत्तर द्यावं म्हणून मास्तरांनी मुद्दाम ठेवली आहे."

मी जेसनकडे बघितलं, जेसनने माझ्याकडे. मास्तरांनी काठी जमिनीवर ठोकली.

"ती शांतता नव्हती, फादर," ते म्हणाले. "जागा धरून ठेवली होती एका मानसाची. ह्या पोरीनं."

फादर काय समजायचं ते समजले आणि हसत पुढे गेले. आई सणाचे तळलेले गोड फुगे वाटत होती, तिने दोन मोठे निवडून जेसनच्या हातात कोंबले. मी पर्समधून वहीचं ते पान काढलं. घड्या पडून मऊ झालं होतं. शेवटच्या, बारीक अक्षरातल्या कामावर मी रेघ ओढली.

"आता खरंच संपली," मी म्हणाले.

"मग उद्या संध्याकाळी काय काम काढू?" त्याने फुगा खाता खाता विचारलं.

मी पान घडी करून परत पर्समध्ये ठेवलं.

"काम नाही काही," मी म्हणाले. "नुसताच ये."